रघू, मोटारीतली तडतड थांबली

रघू,

तुझा चेहरा बघून लोक म्हणाले, किती शांत गेला. ओठ लाल होते, गालांवर ताजी झाक होती, नुकता आंघोळ करून उठल्यासारखा दिसत होतास. शेजारच्या काकूंनी तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असं मरण भाग्यवानालाच येतंय बघ." मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही जरा बाहेर बसा. त्या रागावल्या. अजून बोलत नाहीत. न बोलोत.

तो रंग शांतीचा नव्हता. मोटारीच्या धुराचा होता. बेळगावच्या कॅम्पातल्या गॅरेजमधला तो क्लीनर बंद शेडमध्ये मेला, तेव्हा तू त्याला बघून आला होतास आणि ताटावर बसूनही जेवला नव्हतास. "आक्का, धुरानं गेलेलं माणूस जित्या माणसापेक्षा टवटवीत दिसतंय गं," म्हणाला होतास. "त्या धुराला धड वासबी न्हाय. माणसाला कळतच न्हाय." पुढं कितीतरी दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याला तू हेच ऐकवत होतास. आणि तूच निपाणीच्या एका वखारीत, बंद दारामागे, चालू मोटारीत बसून गेलास. मला रडू येण्याच्या आधी राग येतो. लोकांना वाटतं, आक्का कठीण काळजाची. वाटू दे.

परवा एकजण वर्तमानपत्रात चार ओळी द्यायच्या म्हणून तुझी माहिती विचारायला आला होता. जन्म कुठला, शिक्षण किती, रेडिओदुरुस्तीचं दुकान कधी घातलं. मी म्हटलं, त्याला लहानपणी तापात वेड्यासारखी बडबड करायची सवय होती आणि बडबडीतसुद्धा तो तबकडीवरची गाणी म्हणायचा, हे छापता का? तो उठून गेला. म्हणून मीच लिहायला बसले आहे. शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासायच्या पडल्या आहेत, त्या पडू देत.

शहापुरातल्या आपल्या घराची पुढची खोली तू दुकानाला घेतलीस, तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्याशी भांडले. मला तिथं मुलींची शिकवणी घ्यायची होती. तू म्हणालास, "शिकवणी माजघरात घे की. रेडिओला रस्त्याकडची भिंत लागतीया, एरियल वर काढायची." झालं. माझ्या मुली माजघरात बसून कविता पाठ करायच्या आणि पुढून तुझा कुणाचा तरी रेडिओ शिट्ट्या घालायचा. मुली हसायच्या. मी तुला ओरडायचे, तू शिट्टी कमी करायचास, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. खरं सांगू का, तू गेल्यापासून मुली नीट पाठ करतात. एकही चूक होत नाही. मला ते ऐकवत नाही.

तुझ्याकडं येणारी माणसं म्हणायची, रेडिओ बिघडलाय. तू म्हणायचास, बिघडलाय म्हणजे काय करतोय? खरखरतोय का गुणगुणतोय? कधी करतोय, दिवा लावल्यावर का पंखा लावल्यावर? माणसं वैतागायची. त्यांना वस्तू देऊन जायचं असायचं, तुला गोष्ट ऐकायची असायची. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, वैद्यसुद्धा एवढं विचारत नाही.

आणि मग ती मोटार आली.

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, नानासाहेब. त्यांनी मुंबईहून अमेरिकन गाडी आणली होती, आणि तिच्यात ड्रायव्हरपुढच्या पाटीखाली रेडिओ होता. आपल्या गल्लीत अशी गाडी पहिल्यांदा शिरली. लोकांनी दारं उघडली. नानासाहेब स्वतः उतरले, धोतराचा सोगा हातात, बोटांत अंगठ्या. बोलायला फार गोड. "रघुनाथराव, तुमचं नाव ऐकून आलोय. गाडी उभी असली की मुंबईचं गाणं घंटेसारखं. इंजिन सुरू केलं, की चुलीवर मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसं तडतड तडतड. मग मोटारीत रेडिओ घेऊन उपयोग काय? उभ्या गाडीत बसून ऐकायचं, तर घरात बसलेलं काय वाईट?"

तू त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हतास. तू बॉनेट उघडून आत वाकला होतास. मला तेव्हाच कळलं, आता हा आपल्या हातात राहिला नाही.

त्या आठवड्यातल्या रविवाराबद्दल मी तुझी कायम ऋणी आहे. कडू झाले असले तरी हे लिहून ठेवते. तू म्हणालास, "आक्का, चल, तुझं काम हाय. मी पुढं असणार, हात इंजिनात. मागं बसून ऐकायला कोणतरी पायजे. आणि कान तुझेच चांगले." मी नऊवारी सावरून त्या गुळगुळीत कातड्याच्या मागच्या सीटवर बसले. नानासाहेबांचा ड्रायव्हर गणपत चालवायला, तू त्याच्या शेजारी. खानापूरच्या रस्त्यानं आपण पिरनवाडीच्या पुढं गेलो. रेडिओ लावलेला. एका बाईचं गाणं चाललं होतं आणि त्या गाण्यावर कुणी मूठमूठ वाळू फेकावी तसा आवाज.

"गणपत, वेग वाढीव."

वाळू दाट झाली. आणि तिच्याखाली आणखी एक बारीक आवाज वर चढायला लागला, डासासारखा. मी म्हटलं, "रघू, हे दोन आहेत. एक फुटतंय, एक रडतंय."

तू मागं वळून माझ्याकडं बघितलंस. ते बघणं मी विसरणार नाही. मोठ्या बहिणीकडं नाही, जोडीदाराकडं बघतात तसं बघितलंस. "आता नीट ऐक हं," म्हणालास. उतार आला. तू गणपतला सांगितलंस, गिअर तसाच ठेव आणि किल्ली बंद कर. त्यानं किल्ली फिरवली. गाडी उतारावरून धावत राहिली, इंजिन गाडीच्या ओढीनं फिरत राहिलं. वाळू एकदम थांबली. रडणं मात्र चालूच होतं, गाडी मंद होत गेली तसं तेही खाली उतरत गेलं आणि मग संपलं.

"काय राहिलं, काय गेलं?"

"फुटणारं लगेच गेलं. रडणारं राहिलं होतं."

तू टाळी वाजवलीस. रस्त्याकडेला शेतात एक गडी होता, तो बघायला लागला. तू मला समजावून सांगितलंस: फुटणारा आवाज प्लगच्या ठिणगीचा. किल्ली बंद, ठिणगी बंद, आवाज बंद. रडणारा डायनामोचा. डायनामो फिरेल तोवर तो रडणार. "म्हंजे आक्का, दोन रोग, दोन औषधं." परत येताना मच्छे गावाजवळ एक म्हैस आडवी आली, गणपतनं करकचून ब्रेक लावला, मी पुढच्या सीटवर आपटले, आणि आपण तिघं इतकं हसलो की मला ठसका लागला. आपले आप्पा गेल्यापासून मी तशी हसले नव्हते.

मुंबईहून तू प्लगच्या तारांवर बसवायच्या, ठिणगीचा आवाज दाबणाऱ्या काळ्या कांड्या मागवल्यास, डायनामोचं रडणं थांबवायला त्याला एक कंडेन्सर जोडलास. आपण पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. मी मागं डोळे मिटून बसले. गाणं स्वच्छ. नानासाहेबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली, गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मानलं!" तू लाजलास. मला ती थाप आवडली नाही. बैलाच्या पाठीवर मारतात तशी ती होती. मी तसं म्हटलं, आणि आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

तुला मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, असं माझं म्हणणं होतं. आपले आप्पा आयुष्यभर कचेरीत साहेबाच्या टेबलापुढं उभे राहिले. घरी आल्यावरसुद्धा कुणी मोठ्यानं हाक मारली की खुर्चीतून उठायचे. तो उठायचा रोग तुझ्या अंगात आलाय, असं मी तुला म्हटलं. तू चिडला नाहीस. तू म्हणालास, "तुला काय वाटतं, मी नानासायबांसाठी करायलोय? त्यांचं काय घेऊन बसलीस. तो आवाज मला झोपू देत न्हाय, आक्का. गाडी कुणाचीबी असू दे."

"मग आपल्या शाळेतला रेडिओ का दुरुस्त केला नाहीस? तो वर्षभर मुका पडलाय."

"तो मुका हाय. मुक्यात काय ऐकायचं?"

हे तुझं उत्तर. मला ते उर्मट वाटलं आणि अजून वाटतं. पण मला वाटतं, तू खरंच बोलत होतास. आपण हे भांडण मिटवलंच नाही. पोळ्या लाटताना, कंदिलाची काच पुसताना, जेवताना ते थोडं थोडं चालू राहिलं. तू म्हणायचास आवाज, मी म्हणायची मालक. कोण जिंकतंय हे बघायला पुष्कळ आयुष्य आहे, असं दोघांनाही वाटत होतं.

मग निपाणीहून माणूस आला. मोटारीत पुन्हा तडतड सुरू झाली होती. नानासाहेबांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, व्याही कोल्हापूरचे, त्यांना तिथून आणायला हीच गाडी जाणार होती आणि तिच्यात गाणं वाजायला हवं होतं. मी म्हटलं, गाडी बेळगावला पाठवा. निरोप्या म्हणाला, लग्नघर आहे, गाडी सुटत नाही, रघुनाथरावांनीच यावं. तू पिशवी भरायला लागलास.

निपाणीला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर मी तुझ्याबरोबर आले होते. तुला आठवत असेल.

"तिथं मागं बसून ऐकणार कोण?" मी विचारलं.

"गणपत बसंल की."

"गणपतला हॉर्न आणि गाणं यातला फरक कळत नाही."

तू हसलास. "मग मीच ऐकतो. पुढंबी मीच, मागंबी मीच. पळापळ हुईल, एवढंच."

"कुणाच्या लग्नात कुणाची पळापळ," मी म्हटलं. तू पिशवी मांडीवर घेतलीस, खिडकीतून हात काढून माझ्या पदराला लागलेलं पीठ झटकलंस आणि म्हणालास, "आल्यावर भांडू." मोटार सुटली.

तू लॉरीतून आलास. तंबाखूच्या लॉरीतून, मागं पोत्यांशेजारी, चादरीखाली. लग्नाच्या गाडीत प्रेत कसं घालायचं, असा विचार त्यांनी केला असणार. मी समजू शकते, रघू, लोकांचे शकुन-अपशकुन मी रोज शाळेत ऐकते. पण तंबाखूची बारीक पूड तुझ्या केसांत, भुवयांत, कपड्यांत बसली होती. तुला खाली घेतलं आणि जो जो वाकला तो शिंकायला लागला. मी तुझ्या छातीवर डोकं ठेवलं आणि मला रडण्याऐवजी शिंका आल्या, एकामागून एक. भोवतीच्या बायका घाबरल्या. त्यांना वाटलं, मला काहीतरी झालं. तुझ्या मृत्यूत मला नीट रडूसुद्धा दिलं नाही त्यांनी.

लॉरीबरोबर आलेल्या माणसानं सांगितलं की निपाणीच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलंय. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते का बंद पडलं, हे विचारायला मी चौकीत गेले. तिथले हवालदार मला बसायला खुर्ची देऊन म्हणाले, "बाई, मोटार चालू होती, माणूस सीटवर बसला होता, अंगावर ओरखडा नाही. कुणावर काय कलम घालायचं?" मी म्हटलं, वखारीचं दार बंद होतं. ते म्हणाले, "दार बंद करणं हा काही गुन्हा नाही." तसा तो नसेलही. मी घरी आले.

लग्न ठरल्या दिवशी झालं. नंतर, तुझं सुतक फिटल्यावर, नानासाहेब आले. त्याच गाडीतून. गल्लीत ती शिरली तेव्हा मी दारातच उभी होते. बॉनेटवर नवा रंग चमकत होता, एका कडेला वाळलेला झेंडूचा देठ अजून अडकलेला होता.

ते खाली बसले, आत तुझ्या फोटोकडं बघून हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. "बाई, रघुनाथराव म्हणजे सोनं होते. काम मात्र पुरं करून गेले. आमचे व्याही म्हणाले, असली गाडी आमच्या कोल्हापुरात नाही. सगळ्यांनी वाखाणलं."

"वखारीचं दार कुणी लावायला सांगितलं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं. सकाळी ते गाडी अंगणात घेऊन बसले. रेडिओ लावलेला. तंबाखू निवडणाऱ्या आमच्या बायका काम टाकून गाडीभोवती गोळा झाल्या. कुणी गाणं ऐकतंय, कुणी काचेत तोंड बघतंय. लग्नाची घाई, माल पाठवायचा. मी म्हटलं, रघुनाथराव, गाडी शेडमध्ये घ्या आणि दार ओढून घ्या. माझ्या मनात दुसरं काही आलं असेल तर देवानं बघून घ्यावं."

"बायका गाणं ऐकत होत्या म्हणून."

"काम अडत होतं, बाई."

"म्हणजे माझा भाऊ गेला, कारण तुमच्या बायकांनी थोडा वेळ गाणं ऐकलं."

मी मोठ्यानं बोलत होते. दारात शेजारी जमले होते. मला ते जमायला हवे होते. "त्याच्या जागी तुमचा मुलगा बॉनेटात वाकलेला असता, तर दार लावलं असतं?" असंही मी विचारलं. रघू, तू असतास तर मला आत ओढून नेलं असतंस, म्हणाला असतास आक्का, सोड. तू नव्हतास. मी त्यांना सोडलं नाही. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बोलले.

बोलून झाल्यावर मला एकदम काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मला ती गाडी ऐकायची आहे."

त्यांनी गणपतला खूण केली. मी बाहेर गेले आणि माझ्या जुन्या जागी, मागच्या सीटवर, बसले. गणपतनं इंजिन सुरू केलं, रेडिओ लावला, गाडी गल्लीतून बाहेर काढून रस्त्याला आणली. संध्याकाळ झाली होती, मुंबई स्पष्ट लागत होती. एक पुरुष सारंगीच्या साथीनं काहीतरी संथ गात होता. मी डोळे मिटून ऐकत होते. तडतड शोधत होते, रघू. अगदी मनापासून शोधत होते. एखादी तरी वाळूची कणी पडावी, डासाएवढं तरी काही रडावं, म्हणजे मला म्हणता आलं असतं की कामसुद्धा झालं नाही, सगळं फुकट गेलं. गणपतनं वेग वाढवला. काही नाही. सारंगीचा गज तारेवरून फिरताना होणारा घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता, इतकं स्वच्छ.

"गणपत, थांबव."

त्यानं रस्त्याकडेला गाडी घेतली, इंजिन बंद केलं. मागं वळून बघेना. मग तसाच समोर बघत बोलायला लागला.

"आक्का, मालकांनी सांगितलं म्हणून दार म्या वढलं. पर कडी न्हवती घातली. नुसतं लोटलं हुतं."

मी पुढं सरकून बसले.

"बायका हाकलायला मी भायेरच हुतो. मला आतल्या धुराची काळजी वाटली. मी दार जरा सरकवून म्हणलं, रघुनाथराव, उघडू का, गुदमरायला हुईल. तर ते म्हणाले, नको नको, आत्ता कुठं नीट ऐकू यायलंय. भायेर बायका लई बोलायल्यात. लोट, लोट."

"तो असं म्हणाला?"

"देवाशप्पथ. हसून म्हणाले. हातात स्क्रूड्रायव्हर हुता. म्हणाले, सापडला बघ. लग्नासाठनं बॉनेटला नवा रंग दिलाता न्हवं, त्यो रंग बोल्टाखाली गेलता. बॉनेटचा आन गाडीचा संबंधच तुटला हुता, म्हणून ठिणगीचा आवाज परत रेडिओत शिरत हुता. रंग खरवडून तांब्याची पट्टी लावतो म्हणाले, की झालं. मी दार लोटलं."

एक बैलगाडी बाजूनं गेली.

"मग बऱ्याच वेळानं तडतड गेली. भायेरनंबी कळालं. गाणं असं निवळ यायला लागलं, बायका लांबनं कान देऊन उभ्या. मीबी दाराला टेकून ऐकत हुतो. मला वाटलं, आता ऐकायल्यात ते. एक गाणं झालं, दुसरं झालं. मग बातम्या लागल्या. बातम्या काय रघुनाथराव ऐकत बसायचं न्हाईत म्हणून म्या दार उघडलं. मागच्या सीटवर बसले हुते, आक्का. डोळं मिटून. तुमी बसताय तिथंच."

मी त्या सीटवर बसलेली होते. मी उठून उतरले आणि चालत घरी आले.

नानासाहेब दारात उभे होते. मी त्यांना जे बोलले होते त्यातला एक शब्दही परत घेतला नाही. घेणार नाही. बायकांचं गाणं ऐकणं त्यांना सहन झालं नाही, दार त्यांनी लावायला सांगितलं, हे खरंच आहे आणि ते मी मरेपर्यंत सांगत राहीन. जाताना ते म्हणाले, "बाई, मनात काही ठेवू नका." मी म्हटलं, "ठेवणार आहे." ते गेले.

पण मग मी आत येऊन दुकानातल्या तुझ्या कामाच्या बाकासमोर बसले, आणि तिथं माझं काही चालेना. आपलं भांडण तू जिंकलास. मालकासाठी नव्हतंच ते, आवाजासाठी होतं. दार मालकानं लावलं आणि ते लावलेलं तुला आवडलं. मला एवढं मोठं जिंकणं तुझ्याकडून नको होतं, रघू. तू मालकाला घाबरून आत बसलास असं निघालं असतं, तर मी त्या माणसाला शिव्या देत उरलेलं आयुष्य काढलं असतं. तेवढंही तू ठेवलं नाहीस.

मला एकच गोष्ट समजत नाही, आणि ती सांगणारा कुणी नाही. पट्टी बसली. तडतड गेली. शोधायचं काही उरलं नव्हतं. तेव्हा तुझ्या पायांत उठायचं बळ होतं का? होतं आणि तरी तू ऐकत बसलास, की मागच्या सीटवर येऊन टेकलास तेव्हाच सगळं संपत आलं होतं? धुराचं तुला माझ्यापेक्षा, डॉक्टरांपेक्षा, हवालदारापेक्षा जास्त माहीत होतं. दाराला कडी नव्हती. हातानं ढकललं असतंस तरी उघडलं असतं, बाहेर त्या बायका होत्या, त्यांनाही गाणं ऐकायचं होतं.

त्यांना तरी ऐकू द्यायचं होतंस.